पायवाट मातीचीच राहू द्या

महोदय,

सुशोभीकरणाच्या नावाखाली तळ्याकाठच्या आणि झाडीतल्या पायवाटांवर सिमेंट ओतले जाते. धावणाऱ्यांनी ते मागितलेले नसते. मातीवर पाऊल दर वेळी थोडे वेगळे पडते, घोट्याभोवतीचे लहानसहान स्नायू कामाला लागतात. सिमेंटवर तोच आघात त्याच जागी बसत राहतो. मुळे, दगड, चढउतार यांमुळे वेग मंदावतो, हे खरे. म्हणून अशा वाटेवर किलोमीटर मोजू नयेत, घड्याळात पाऊण तास लावून निघावे. तळ्याची फेरी बहुधा सपाट असते आणि वाट चुकायची भीती नसते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. शेतांमधल्या वाटेला सावली नसते, ती पहाटेच बरी.

धावणाऱ्यांनाही थोडे सांगायचे आहे. चिखल टाळायला कडेच्या गवतातून जाऊ नका. त्यानेच वाट रुंदावते, रोपे तुडवली जातात आणि पुढच्या पावसात उघडी पडलेली माती वाहून जाते. बूट भरले तर भरू द्यात, धुता येतात. पाणपक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत काठापासून लांबून धावावे. आणि ते कानातले हेडफोन? मागचा सायकलवाला घंटी वाजवून दमतो हो!

— एक धावणारा वाचक