हात धरून उठवू नका
महाशय,
मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जातात. अशा रुग्णाला घरचे लोक हाताला ओढून किंवा काखेत हात घालून उठवतात. खांद्याचा सांधा सावरणारे स्नायूच ढिले पडलेले असतात. सांधा सरकतो, दुखतो, मग आखडतो. कमरेला रुंद पट्टा बांधून उठवावे. रोज उताणे निजवून आपला एक हात रुग्णाच्या खवाट्याखाली (खांद्यामागच्या पसरट हाडाखाली) ठेवावा, दुसऱ्या हाताने कोपर धरून रुग्णाचा हात सावकाश वर न्यावा. दुखले की तिथेच थांबावे. पोटरी 20-30 सेकंद ताणावी, झटके नकोत.

इथे इंदुरात मालिशने ताकद परत येईल अशी आशा दाखवणारेही भेटतात. मालिशने पेटके, आखडलेपण हलके होते, एवढेच. डंबेल्सचा हट्टही नको. थकवा दुसऱ्या दिवशीही उरला, तर व्यायाम निम्मा करावा.

— दोन फिजिओथेरपिस्ट, इंदूर