किलोमीटर छापले, तास कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बारा दिवसांच्या सहलीबद्दल ‘न्यूझीलंड स्वतः गाडी चालवत’ असं पानभर आलं होतं. ते आमच्या घरी तीनदा वाचलं गेलं. एकदा मी वाचलं, एकदा आमच्या हिने, आणि तिसऱ्यांदा परत मी, हातात पेन्सिल घेऊन. मुलगी ऑकलंडला असते. येत्या नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत, आणि तिथून तिघं मोठी माणसं नि नातू, शिवाय जावईबापू, असे पाचजण दक्षिण बेटावर दहा दिवस गाडीने फिरणार आहोत. आमचा हा पहिलाच परदेश. म्हणून ते पान कापून ठेवायचं ठरलं होतं. पेन्सिल फिरवून झाल्यावर ते कापून ठेवलं, पण वेगळ्या कारणासाठी.

मी एकतीस वर्षं एसटीत चालक होतो, त्यातली बहुतेक आंबोली घाटात गेली. सावंतवाडी ते आंबोली तीस किलोमीटरच्या आसपास. सपाटीला हे अंतर अर्ध्या तासाचं. घाटात, भरलेल्या गाडीने, पावसात, तास धरा, आणि धबधब्यापाशी रविवारची गर्दी असेल तर काहीच धरू नका. डेपोत नव्या पोराला आम्ही पहिली गोष्ट हीच सांगायचो, की मैलाच्या दगडाकडे बघू नकोस, घड्याळ बघ. आपल्या लेखात दर दिवसापुढे किलोमीटर छापले आहेत. तास एकाही दिवसापुढे नाहीत.

पाचवा दिवस बघा. ‘सकाळी क्वीन्सटाउनहून निघून मिलफर्ड साउंडची बोट, संध्याकाळी परत, रात्री मुक्काम वानाका.’ एका ओळीत आटोपलं. (साउंड म्हणजे डोंगरांत शिरलेली समुद्राची खाडी.) क्वीन्सटाउन ते मिलफर्ड नकाशावर बोटाने मोजलं तर सत्तर किलोमीटरच्या आसपास भरतं, पण मधे डोंगर आहेत आणि त्यांतून रस्ता नाही. गाडीला दक्षिणेकडे उतरून, ते आनाउ गावावरून वळसा घालून पुन्हा वर यावं लागतं. हे झाले सुमारे २८८ किलोमीटर, कुठेही न थांबता चार तास. तेवढेच परत. बोटीचे जवळजवळ दोन तास. मग क्वीन्सटाउनहून वानाका, जवळच्या वाटेने गेलं तर ६८ किलोमीटर, पण ती वाट क्राउन रेंज चढून जाते. त्या देशातला तो सर्वांत उंचावरचा डांबरी हमरस्ता, माथा १,०७६ मीटर. सव्वा तास तरी घाला. म्हणजे नुसतं स्टिअरिंग हातात सव्वानऊ तास, आणि चहा, लघवी, फोटो, पार्किंग धरून दिवस तेरा-चौदा तासांचा.

आपल्याकडे मोटार वाहतूक कामगारांचा १९६१चा कायदा होता, त्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते. न्यूझीलंडमध्ये ट्रक आणि बसच्या चालकाला दिवसात जास्तीत जास्त तेरा तास काम करता येतं, आणि साडेपाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती घ्यावीच लागते. पगारी चालकाला तिथलं सरकार जे करू देत नाही, ते आपण बायकामुलांना मागे बसवून, सुट्टीत, हौसेने करायला सांगताय.

पहिला दिवस तर याहून वाईट आहे. ‘सकाळी क्राइस्टचर्चला उतरा, विमानतळावरच गाडी ताब्यात घ्या, दुपारपर्यंत टेकापो.’ २२६ किलोमीटर, तीन तास, रस्ता सोपा, हे सगळं बरोबर. पण आपल्याकडून न्यूझीलंडला थेट विमान नाही. मधे कुठेतरी उतरून बदलायचं, आणि सगळा प्रवास धरला तर एक रात्र तरी खुर्चीत बसून काढायची. शिवाय तिथलं घड्याळ नोव्हेंबरात आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे असतं. तिथे सकाळी सात वाजता गाडीची किल्ली हातात मिळते, तेव्हा आपल्या अंगाच्या हिशेबाने रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. त्या वेळी आमच्या रातराणीचा चालक निदान दुपारभर झोपून आलेला असायचा.

झोपेबद्दल मला बोलायचा अधिकार आहे, म्हणून एक लिहितो. १९९८चा नोव्हेंबर. पुण्याहून रात्रीची गाडी घेऊन परत येत होतो. आदल्या दिवशीची डबल ड्यूटी मीच मागून घेतली होती, घरात पैशांची गरज होती. गडहिंग्लज सोडलं, पहाटेचे पावणेचार. समोर उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही. मला ती दिसत होती. चांगली दिसत होती. बाहेर लोंबणारी उसाची पाती हलताना दिसत होती. ती थांबलेली आहे एवढंच डोक्यात शिरत नव्हतं. डोळे उघडे होते हो. मागून कंडक्टरने घंटीची दोरी ओढली आणि ओढतच राहिला. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे किती टोले ते मोजायच्या भानगडीत न पडता मी ब्रेक मारला. डावं पुढचं चाक खडीवर उतरलं आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. बेचाळीस प्रवासी, निम्मे झोपेतच. पुढे मला विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो खरं तर त्या कंडक्टरच्या छातीवर शोभला असता.

म्हणून आपल्या लेखातलं ‘आपल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला जगात कुठेही अवघड नाही’ हे वाक्य मला बोचलं. मुलीने मला तिथले नियम फोनवरून शिकवले, तर पहिल्याच दिवशी माझे चार चुकले. गाड्या डावीकडूनच चालतात, तेवढी सोय आहे. पण चौकातल्या गोल चक्रात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडेही नियम तोच आहे, पण पाळताना कधी बघितलाय? मधे सलग पिवळी रेघ असेल तर पुढची गाडी बैलगाडीच्या चालीने जात असली तरी मागे राहायचं. आणि एका गाडीचे पूल. दक्षिण बेटावर हमरस्त्यावरसुद्धा असे पूल आहेत. हास्ट नदीवरचा तर ७३२ मीटर लांब आहे, मधे बाजूला थांबायला जागा ठेवल्यात. पुलाआधी पाटी असते, तिच्यावर दोन बाण. ज्या दिशेला छोटा लाल बाण, त्याने थांबायचं. आमच्या घाटात चढणीच्या गाडीला वाट द्यायची हे रक्तात भिनलंय. तिथे चढ-उताराचा प्रश्नच नाही, पाटी सांगेल ते. मी पाटीकडे न बघता समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणार, ही माझी सवय मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र आवडली. वळणाआधी पिवळ्या पाटीवर आकडा लिहिलेला असतो, ६५, ४५, ३५. वळण किती वेगाने घ्यायचं ते. खुल्या रस्त्याला १००ची परवानगी आहे, पण वळणाला वळणाचा आकडा. आपल्याकडे सगळ्या वळणांना मिळून एकच शब्द, ‘सावकाश’. पन्नासने येणाराही स्वतःला सावकाशच समजतो.

आता मिलफर्डचा रस्ता, कारण लोक जातात ते त्यासाठीच. ते आनाउपासून पुढे १२० किलोमीटरच्या आत-बाहेर, दोन तास. ते आनाउला टाकी भरून घ्यायची, पुढे भरवशाचा पंप नाही, फोनलाही बराच रस्ता रेंज नाही. शेवटी होमर बोगदा लागतो. १९३५ साली खोदायला घेतला, गाड्या सुरू झाल्या १९५४ला. सव्वा किलोमीटर लांब, आत दगड तसाच उघडा, आणि मिलफर्डकडे दहात एक असा उतार. गर्दीच्या मोसमात दिवसा सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. तिथे थांबलं की किआ नावाचे हिरवे डोंगरी पोपट येतात आणि गाडीचं रबर कुरतडतात. आंबोलीच्या माकडांनी माझे दोन वायपर नेलेत, त्यामुळे हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाऊसही घरचाच: मिलफर्डला वर्षाला ६,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. आंबोलीकर त्या आकड्याला घाबरणार नाही, पण एवढ्या पावसात डोंगर कसा वागतो हे तो जाणतो. रस्ता बंद होतो. बर्फाच्या दिवसांत हिमकडे कोसळायच्या भीतीने होतो, एरवी पावसाने होतो. आपल्या लेखातल्या बारा दिवसांत एकही दिवस मोकळा ठेवलेला नाही. एक रस्ता एक दिवस बंद झाला, की पुढची सगळी बुकिंगं कोलमडली.

आणि त्याच बारा दिवसांत उत्तर बेटही! दोन बेटांमधली बोट वेलिंग्टनहून पिक्टनला साडेतीन तास घेते. ते तास लेखात कुठे गेले ते पेन्सिललाही सापडलं नाही.

आमचं वेळापत्रक मी जुन्या कालनिर्णयच्या पानामागे आखलंय. व्हिडिओ कॉलवर मुलगी नकाशा जमिनीवर पसरते, नातू त्यावरून खेळण्यातली बस चालवतो, आणि मी इकडून तास मांडतो. ऑकलंडहून विमानाने क्राइस्टचर्च, त्या रात्री फक्त झोप. मग टेकापो, दोन रात्री. मधल्या दिवशी माउंट कुकचं गाव, जायला सव्वा तास. नंतर लिंडिस खिंडीतून क्वीन्सटाउन. तिथून ते आनाउ, आणि तिथे तीन रात्री, म्हणजे मिलफर्डसाठी एक दिवस आणि पावसासाठी एक. परत त्याच रस्त्याने. एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त गाडी नाही. परतीचा एक दिवस साडेचारला जातोय, तो अजून मनासारखा बसलेला नाही. हिमनद्या आणि सगळा पश्चिम किनारा कापला. जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, एवढ्या लांब येऊन गेलेल्या रस्त्यानेच परत?’’ मी म्हटलं, मी सावंतवाडी–कोल्हापूर किती हजार वेळा केलं असेल, मला नाही कंटाळा आला. ते हसले, पण ऐकलं.

एक फसवी गोष्ट मुलीने सांगितली, ती लेखात असायला हवी होती. नोव्हेंबरअखेर तिथे रात्री नऊ वाजताही उजेड असतो. हेडलाइट लावायची वेळच येत नाही, त्यामुळे दिवस संपला हे चालवणाऱ्याला कळतच नाही.

लायसन्सबद्दल आपण काहीच लिहिलेलं नाही. ते इंग्रजीत असेल तर तिथे चालतं. नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो आरटीओकडून इथेच काढावा लागतो, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. तिथे पोचल्यावर तो मिळत नाही. गाडी भाड्याने देणारे काय मागतील सांगता येत नाही, म्हणून मी काढला.

आणि ‘खाण्याचे पदार्थ भरपूर सोबत न्या’ हा सल्ला कृपा करून मागे घ्या. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहून दाखवावी लागते. लपवली, किंवा विसरली तरी, जागेवर ४०० डॉलर दंड. मध तर नेऊच नये. आमच्या हिने मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, दोन प्रकारचे लाडू अशी यादी केली होती. आता तीच यादी इंग्रजीत करून त्यांच्यासमोर ठेवायची. ठेवतील ते आपलं, काढतील ते त्यांचं. कुळथाच्या पिठाला इंग्रजीत काय म्हणायचं यावर घरात अजून वाद चालू आहे.

पुढच्या रविवारी आपण प्रत्येक दिवसापुढे तास छापावेत, आणि पाचवा दिवस दोन दिवसांत फोडावा, एवढीच विनंती. उन्हाळी सुट्टी लागली की लोक अशी पानं घेऊन निघतात, आणि छापून आलंय म्हणून विश्वास ठेवतात.

गाडी कोण चालवणार, असं मुलीने विचारलं होतं. टेकापोच्या सरळ रस्त्याला तासभर मी चालवीन, हौस आहे. मिलफर्डला जावईबापू. तिथे माझी जागा त्यांच्या शेजारी, डाव्या बाजूला. घंटीची दोरी नसेल, पण माझा आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत जातो.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सावंतवाडी
(नाव छापू नये. जावईबापू आपलं वृत्तपत्र मोबाइलवर वाचतात.)

ता. क. : माउंट कुकची उंची आपण ३,७५४ मीटर छापली आहे. तो जुना आकडा. २०१४पासून ती ३,७२४ धरतात.