खेळाडूंच्या आवडीच्या ठिकाणांत खान्देशही दिसावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका नामवंत क्रिकेटपटूच्या गावातील आवडत्या खाण्यापिण्याच्या ठिकाणांविषयी आलेला लेख मी मन लावून वाचला. असे लेख वाचकांना आवडतात आणि ते यायलाच हवेत. विराट कोहली म्हटले की दिल्लीचे छोले-भटुरे आणि सचिन तेंडुलकर म्हटले की मुंबईचा वडापाव, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. नीरज चोप्रा यांनी 2021 साली टोकियोत भालाफेकीचे सुवर्णपदक जिंकल्यावर हरियाणातला चुरमा महाराष्ट्रातल्या घराघरांत ठाऊक झाला. माझे म्हणणे एवढेच आहे की, या यादीत खान्देशातला खेळाडू क्वचितच दिसतो, आणि जी ठिकाणे दिली जातात त्यांचे नाव-पत्ता छापून येतो, पण तो पदार्थ कोणत्या दिवसांत मिळतो, कोण रांधते आणि खेळाडूने तो कोणत्या वयात, कोणाच्या पैशाने खाल्ला, हे राहून जाते.

चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीचे पैलवान विजय चौधरी यांनी 2014, 2015 आणि 2016 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा पटकावली. त्यांच्याआधी नरसिंग यादव यांनी 2011 ते 2013 या काळात अशी हॅट्‌ट्रिक साधली होती. एवढ्या मोठ्या मल्लाला त्याच्या गावाकडचे खाणे कोणते आवडते, हे आपल्या वार्ताहराने आवर्जून विचारावे. मात्र प्रश्न ‘आवडते हॉटेल कोणते’ असा नसावा. आमच्याकडचा पैलवान हॉटेलात घडत नाही. गोठ्यातल्या म्हशीचे दूध, घरचे तूप आणि रोज वाटून घ्यायचे बदाम एवढा खुराक चालवण्यासाठी शेतकरी बापाला कपाशीच्या पैशातून किती काढून ठेवावे लागते, हे ज्या घरात पोरगा तालमीत जातो त्यालाच कळते. जत्रेतील कुस्त्यांचा फड संपल्यावर बाहेरगावच्या मल्लांना ज्या ओसरीवर बसवून वाढले जाते, ती ओसरी माझ्या दृष्टीने कोणत्याही नामांकित उपाहारगृहाइतकीच नोंद घेण्यासारखी आहे.

हंगामाचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. केळी बारमाही आहे, भरीत मात्र हिवाळ्याचेच. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणारी घरे अजूनही पुष्कळ आहेत आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच त्यांच्याकडे वांगे शिजते. यावल तालुक्यातील बामणोदची ती मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात, हात पोळत असतानाच त्यांची साल काढतात आणि हिरवी मिरची व लसणासह लाकडी बडगीत ठेचतात. मग तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात परतून त्यात हे ठेचलेले वांगे मिसळले जाते. सोबत पुरी, नाहीतर ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी. धुराचा जो वास या भरिताला असतो, तो गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या वांग्याला येत नाही. एखाद्या खेळाडूने ‘जळगावचे भरीत मला फार आवडते’ असे सांगितले आणि आपण त्याखाली फक्त दुकानाचा पत्ता छापला, तर मे महिन्यात आलेला पाहुणा नको ते खाऊन परत जाईल आणि दोष भरिताला देईल. मांड्यांचेही तसेच आहे. पालथ्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे आणि आमरस यांची खरी वेळ आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, आणि हातावर मांडा पसरवणाऱ्या बायका आता गावोगावी मोजक्याच उरल्या आहेत. त्यांची नावे त्यांच्या संमतीने छापून आली, तर त्या पानाचे मोल वाढेल.

शेवभाजीबद्दल वेगळे लिहीत नाही, कारण महामार्गावरच्या ढाब्यांनी तिची कीर्ती आधीच सर्वदूर नेली आहे.

खेळाडूच्या वयाचाही विचार व्हायला हवा. रिओ ऑलिंपिकच्या तयारीच्या काळात, म्हणजे 2016 साली, पी. व्ही. सिंधू यांना प्रशिक्षक पुल्लेला गोपीचंद यांनी आइस्क्रीमपासून दूर ठेवले होते, हे सर्वांना माहीत आहे. मोठ्या स्पर्धा खेळणारा खेळाडू आवडीचे पदार्थ बहुधा सोडूनच बसलेला असतो. म्हणजे ‘आवडते ठिकाण’ या सदरात तो जे सांगतो, ते बहुतेक वेळा त्याच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीचे खाणे असते. सराव आटोपल्यावर खिशात होते तेवढ्या पैशात जे मिळाले, किंवा एखाद्या दुकानदाराने ‘राहू दे, पुढच्या वेळी दे’ म्हणून जे पुढे केले, ते. तालुक्याच्या मैदानाबाहेर उसाचा रस, मठ्ठा किंवा केळी विकणाऱ्या ज्या माणसांनी अशी उधारी वर्षानुवर्षे सांभाळली, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. क्रीडाशिक्षक म्हणून मुलांचे संघ घेऊन फिरताना अशी माणसे मी जवळून पाहिली आहेत. नंदुरबारकडच्या सातपुड्यातून येणाऱ्या धावणाऱ्या मुला-मुलींच्या डब्यातली मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ हीदेखील याच सदराची सामग्री आहे. तिथे हॉटेल नाही म्हणून ती गाळू नये.

तरी माझी विनंती अशी की, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कुस्ती, कबड्डी, खो-खो, धावणे अशा खेळांतील खेळाडूंना घेऊन आपण ही मालिका पुढे चालवावी, प्रत्येक लेखासोबत पदार्थाचा हंगाम द्यावा आणि रांधणाऱ्याचे छायाचित्र खेळाडूच्या छायाचित्राशेजारी त्याच आकारात छापावे. सुरुवात मार्गशीर्षात झाली, तर पहिला लेख भरितावर देता येईल. माहिती गोळा करण्यासाठी आमच्या भागातील क्रीडाशिक्षकांची मदत हवी असल्यास आम्ही ती आनंदाने करू.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
अमळनेर, जि. जळगाव