दिवाणातल्या कापडाची कवंदी

तीर्थरूप आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

दिवाणात साठवलेल्या साड्या यंदा बाहेर काढा. आपल्या पद्धतीची गोधडी जमिनीवर अंथरून कच्चे टाके घालावे लागतात, ते आता तुमच्या गुडघ्यांना नको. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्या पद्धतीची गोधडी, शिवतात ती कडेपासून सुरू करून, गोल फिरत मध्याकडे. खुर्चीत बसून मांडीवर होते.

पहिली लहानच करा, 36 बाय 48 इंचांची. साडेपाच मीटरची एक जुनी सुती साडी पुरते: 38 बाय 50 चं अस्तर आणि 36 बाय 48 चे आत घालायला दोन थर, मिळून पावणेचार मीटर. वरच्या तुकड्यांना दीडएक मीटर कापड लागेल, कारण ते एकमेकांवर चढतात.

बाबा, कापड निवडायचं काम तुमचं. उजेडात धरून बघा. विरलेलं वर नको, आतल्या थरात चालेल. सुती आणि सिंथेटिक एकत्र करू नका. सुती धुतल्यावर आटतं, दुसरं आटत नाही, मग चुण्या पडतात. लाल, जांभळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवा. रंग लागला तर ते बाजूला. खळ कोमट पाण्यात काढून टाका, नाहीतर सुई अडते. तुकडे 4 ते 8 इंचांचे, मापात नसले तरी चालतात. काठ वेगळे काढा. ते घट्ट विणीचे असतात, म्हणून बाहेरच्या फेरीला तेच लावा. फक्त जरीचे नकोत.

आई, अस्तराची कड एक इंच आत दुमडून थरांवर घे. तुकड्याचीही बाहेरची कड दुमड, कडेला कड लाव आणि सगळ्या थरांतून धावदोरा घाल. पुढचा तुकडा आधीच्याच्या उघड्या कडेवर दुमडून चढव. उजव्या हाताने शिवताना घड्याळाच्या उलट दिशेने जायचं. टाका तांदळाएवढा, दोन ओळींत अंतर अर्धा इंच. शंभर-सव्वाशे मीटर जाड सुती दोरा लागेल. एका वेळी हातभरच घे, लांब दोरा गुंततो. बाबांनी सकाळच्या उजेडात आठ-दहा सुया ओवून ठेवाव्यात. अंगुस्तान घालच.

बिघडतं ते बहुतेक मध्यात. दोरा ओढला की कड आक्रसते, आणि शेवटी मध्यभागी फुगा येतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पलंगावर पसरून तळव्याने मधून बाहेर सारखी कर. फुगा दिसलाच तर शेवटच्या दोन फेऱ्या उसव. पुढे नेलीस तर तो वाढतच जातो. अगदी मधल्या तुकड्याच्या चारही कडा दुमडायच्या.

चार कोपऱ्यांना फुलं लावायची. चार इंची चौकोन तिरका दोनदा दुमडला की त्रिकोण होतो; त्याची उघडी बाजू पहिल्या फेरीतच कोपऱ्यात, अस्तर आणि तुकड्याच्या मध्ये खोच. नंतर लावता येत नाहीत. फुलांशिवाय कवंदी उघडी वाटते असं सिद्दी बायका मानतात, आणि मला ते पटतं.

एकूण छत्तीसेक फेऱ्या होतील. बाहेरच्या लांब असतात, त्यातली एकेक फेरी दोन दिवसांत विभागून घे. मान भरून येईपर्यंत बसू नकोस. पहिल्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, म्हणजे दुमड बरोबर बसली का ते बघते.

तुमची,
लेक