पवनचक्कीच्या वरच्या मजल्यावरून

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा रूनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळताना तू मला विचारलेस, "आई, तुझी लेव्हल अजून एवढीच कशी?" तेव्हा मी हसून विषय बदलला. उत्तर मात्र द्यायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. तू फार खेळतोस, अशी तक्रार यात नाही. ती करायची असती तर मी पत्र लिहीत बसले नसते, सरळ वायफाय बंद केले असते.

रूनस्केपमधली माझी पहिली मोहीम, म्हणजे खेळातल्या पात्राने सोपवलेले काम, तुझ्या देखरेखीखाली झाली. लंब्रिजच्या किल्ल्यातल्या आचाऱ्याला सरदाराच्या वाढदिवसाच्या केकसाठी अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे होते. तू शेजारी बसून "इथे क्लिक कर, आता इथे" असे सांगत गेलास आणि मी काय केले हे मला कळायच्या आत मोहीम संपली. त्या रात्री मी गुपचूप दुसरे कॅरेक्टर तयार केले आणि कोणाचीही मदत न घेता तीच मोहीम पुन्हा हाती घेतली. शेतातले गहू तोडले, पवनचक्कीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर चढून ते नरसाळ्यात ओतले, मोठ्या अपेक्षेने तळमजल्यावर उतरले, तर पिठाची पेटी रिकामी! पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या खेपेस नरसाळ्याशेजारचा दांडा माझ्या नजरेस पडला. तो ओढल्याशिवाय दळण खाली येतच नव्हते. तो दांडा आपला आपल्याला सापडला याचा जो आनंद झाला, तो पहिल्या खेळात तुझ्या बोटामागून फिरताना मला मिळाला नव्हता.

अनेकांनी एकत्र खेळायच्या या खेळांचा जन्मच अशा शोधाशोधीतून झाला आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी 'मड' हा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. त्यात चित्र एकही नव्हते. प्रत्येक जागेचे वर्णन वाचायचे, दिशा टाइप करायची आणि आपण कुठून कुठे आलो हे स्वतःच लक्षात ठेवायचे. याच बार्टल यांनी १९९६ साली खेळाडूंची पत्त्यांच्या रंगांवरून जी विभागणी केली, ती मला फार आवडते : खजिन्यामागे धावणारे ते चौकट, जग उकरून पाहणारे ते इस्पिक, गप्पांसाठी येणारे ते बदाम आणि दुसऱ्यांना बडवायला येणारे ते किलवर. इंग्रजीत इस्पिकाच्या पत्त्याला जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ फावडे असा होतो, यातच त्याची गंमत आहे. तू चौकट आहेस आणि मी इस्पिक. माझी लेव्हल का वाढत नाही, याचे उत्तर एवढेच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा असाच दुसरा खेळ २००४ साली आला, तेव्हा मोहीम देणाऱ्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसे. पण पुढे कुठे जायचे हे बहुधा त्याच्या बोलण्यातूनच शोधावे लागे. नकाशावर मोहिमेची जागा दाखवण्याची सोय खेळातच आली ती २००९ च्या अखेरीस. ती सोय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दहा लांडगे मारून आणण्याच्या मोहिमेचा मजकूर मीही वाचत नाही, कारण त्यात वाचण्यासारखे फारसे काही नसते. परंतु त्याच खेळात आपण नव्या भागात पाऊल टाकले की त्या जागेचे नाव पडद्यावर उमटते आणि थोडा एक्सपीही, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, मिळतो. म्हणजे नुसत्या भटकण्यालाही खेळ बनवणाऱ्यांनी मोल दिले होते.

तुझा राग मला आठवतो तो रूनस्केपमधल्या 'वन स्मॉल फेवर' या मोहिमेवरचा. एकाचे छोटेसे काम करायला जावे तर तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि बघता बघता अर्धे जग पालथे घालावे लागते. "नुसता वेळकाढूपणा!" असे म्हणून तू हेडफोन आपटलेस. अरे, ती मोहीम म्हणजे असल्या निरोप्यागिरीच्या मोहिमांची त्या खेळानेच केलेली थट्टा आहे! सगळे संवाद तू स्पेसबार दाबून उडवलेस, त्यामुळे विनोद हरवला आणि पायपीट तेवढी तुझ्या वाट्याला आली.

माझे ते दुसरे कॅरेक्टर अजून पवनचक्कीतच आहे. भांडेभर पीठ मिळाले आहे, अंडे आणि दूध राहिले आहे, आणि गाई कुठे चरतात हे मी मुद्दामच कुठे शोधून पाहिलेले नाही. रविवारी दुपारी तूही एक नवे कॅरेक्टर तयार कर, मोहिमेची उत्तरे सांगणारी ती मदतीची खिडकी बंद ठेव आणि किल्ल्याजवळच्या पुलावर मला भेट. नकाशा काढायला कागद मी आणते. बादली मात्र तू शोधून आण.

तुझी,
आई