प्रो झाली म्हणजे नोकरी लागली असं नसतं हो

संपादक साहेब, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात माझ्या भाचीचा फोटो आला. आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात तो अंक इतक्या हातांतून फिरला की संध्याकाळी माझ्याकडे परत आला तेव्हा त्यावर चिवड्याचं तेल. क्रिकेटच्या गर्दीत गोल्फला पाच ओळी मिळाल्या, आभारी आहे. पण त्यात एक वाक्य होतं की ती आता अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू, राहिली नाही, प्रोफेशनल झालीय, आणि तेव्हापासून माझ्या बहिणीचा फोन थांबत नाहीये. आता काय बाई, पोरगी लाखांत खेळणार! शेव-उसळवाल्याने तर मला सरळ पगार विचारला. म्हणून हे पत्र.

खरं सांगतो, गोल्फ म्हणजे साहेबांचा खेळ असंच आम्हालाही वाटायचं. इथल्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातलं गोल्फचं मैदान प्रतापसिंह महाराजांनी 1930च्या दशकात बनवलं तेच मुळी युरोपियन पाहुण्यांसाठी, मग 1990च्या दशकात त्याच गायकवाड घराण्यातल्या समरजितसिंहांनी (ते स्वतः रणजी खेळलेले) ते नीट करून लोकांना उघडं केलं. भाची नऊ वर्षांची असताना सुट्टीत कुणाबरोबर तरी तिथे गेली आणि तिथलीच झाली. घरी दुपारी आजी झोपली की हिचं बैठकीतल्या सतरंजीवर पटिंग चालू, म्हणजे पटर नावाच्या काठीने बॉल होलात ढकलणं, होल म्हणून आडवा ठेवलेला स्टीलचा पेला. खरा होल सव्वाचार इंचांचा असतो, पेला तीनचा पण नसेल, तर म्हणायची मामा यात गेला तर त्यात जाईलच ना. टण्ण आवाज आला की आतून आजी ओरडायची, गेला ना एकदाचा, आता झोपू दे! आणि नाही गेला तर बॉल कपाटाखाली आणि झाडू घेऊन पालथा पडायला मामा. पुढे अख्खे 18 होल खेळायला अहमदाबाद, म्हणजे रविवारी पहाटे साडेचारला मेव्हण्यांच्या जुन्या गाडीत किट टाकून एक्स्प्रेस वेचे 93 किलोमीटर, आणि बॉल नवे नाहीत, मैदानावर सापडलेले स्वस्तात विकतात ते.

आता अमॅच्युअरचं गणित सांगतो, कारण हे मलाही आत्ता आत्ता कळलंय. अमॅच्युअरला रोख बक्षीस घेता येतं पण एका हद्दीपर्यंत, 2022 पासून ती 700 पौंड आहे, त्याच्या वर घेतलं की अमॅच्युअरपण गेलं. प्रो लोकांच्या स्पर्धेत अमॅच्युअर मुलगी खेळू शकते, जिंकूही शकते, फक्त मोठा चेक तिचा नाही. थायलंडच्या अथया थितिकुलने 2017 मध्ये चौदाव्या वर्षी लेडीज युरोपियन टूरची स्पर्धा मारली, ट्रॉफी हिच्या हातात आणि पहिल्या नंबरचे पैसे दुसरीच्या खात्यात. स्पॉन्सर घ्यायची मोकळीक पण 2022 पासूनच आलीय, पण तो मिळायला तर पाहिजे ना. आमच्याकडे एका कंपनीचे साहेब आले, दोन टोप्या चार टी-शर्ट दिले, लोगो छातीवर पाहिजे म्हणाले आणि पैशाचं काढलं तर म्हणे एक्स्पोजर मिळेल. मेव्हण्यांनी चहा पाजून पाठवलं. टोप्या चांगल्या आहेत, मी एक वापरतोय.

आणि प्रो झाली म्हणजे काय झालं? दुकान उघडलं, बस. आपल्या बडोद्यात हे कुणालाही समजेल, नारळ फोडला त्या दिवसापासून भाडं चालू, गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. एंट्री फी स्वतःची, बॅग उचलणारा कॅडी स्वतःचा, रेल्वे, हॉटेल, जेवण सगळं स्वतःचं, वर बहुतेक ठिकाणी दोन दिवसांनी कट लागतो, ठरलेल्या स्कोअरच्या मागे असलेल्यांची सुट्टी, म्हणजे 36 होल चालून चालून पायाचे तुकडे पडले आणि एका शॉटने कट हुकला तर तिसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने घरी. आणि मागचा दरवाजा बंद, अमॅच्युअरच्या नॅशनलला आता ती उतरू शकत नाही, परत अमॅच्युअर व्हायचं तर अर्ज करा, वाट बघा. आमची आजी म्हणाली तसं, सासरी गेल्यासारखंच आहे की हे.

लोक लगेच अदिती अशोकचं नाव काढतात. बरोबर आहे, पण तिचं टाइमटेबल बघा. डिसेंबर 2015 मध्ये सतराव्या वर्षी मोरोक्कोतली टूर स्कूल, म्हणजे टूरवर प्रवेश मिळवायची स्पर्धा, जिंकली, 1 जानेवारी 2016 ला प्रो, आणि नोव्हेंबरात गुरुग्रामला इंडियन ओपन तिच्या नावावर! अकरा महिने. दीक्षा डागर, जिला जन्मापासून नीट ऐकू येत नाही, तीही 2019 मध्ये प्रो झाली आणि त्याच वर्षी साउथ आफ्रिकन ओपन घेऊन आली. हे असं वर्षात नारळ-पेढे करणाऱ्या मोजक्याच, पण आमच्या नातेवाइकांना वाटतं हाच कोर्सचा कालावधी. त्याच अदितीचं टोकियो ऑलिंपिक आठवा, 7 ऑगस्ट 2021, शनिवार, जगात 200व्या नंबरची पोरगी, बॅग उचलायला आई, आमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळपासून बर्डी म्हणजे काय बोगी म्हणजे काय चालू, शेवटी एका शॉटने मेडल गेलं, चौथी. संध्याकाळी नीरजने भाला फेकला आणि ग्रुपवर गोल्फ संपलं ते आजपर्यंत. नीरजबद्दल काही म्हणणं नाही माझं, मी पण नाचलो होतो.

तर विनंती एवढीच, पुढच्या महिन्यात भाचीची पहिली प्रो स्पर्धा आहे, तिचा स्कोअर छापा. कट हुकला तरी छापा, कट कितीला लागला आणि ही कितीवर होती एवढं दिलंत तरी चालेल. म्हणजे लोक पगार विचारायचे थांबतील.

आणि हो, फोटोखाली 'हॉकी स्टिकसह' असं छापलंय. तो पटर आहे.

आपला,
एक मामा
दांडिया बाजार, बडोदा