इंदापूरच्या शेतीचा मागोवा: ऋणनिर्देश

इंदापूर तालुक्यातील जमीन आणि शेती पेशवाईपासून आजपर्यंत कशी बदलत गेली, याचा अभ्यास ज्यांच्यामुळे शक्य झाला, त्या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. त्यांच्याच इच्छेनुसार येथे नावे दिलेली नाहीत. मोडी कागदांतील बिघे, चावर (जमीन मोजण्याची जुनी मापे) आणि पडजमिनीच्या नोंदी ज्यांनी माझ्याबरोबर बसून ओळीओळीने वाचल्या, त्यांच्याविना १८३६च्या गोल्डस्मिड-विंगेट पाहणीआधीचे, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांनी सारा ठरवण्यासाठी केलेल्या जमीन-मोजणीआधीचे, गाव मला दिसलेच नसते. जीर्ण गुणाकार बुके (शेतांच्या मोजणीच्या जुन्या नोंदवह्या) हलक्या हाताने उलगडून दाखवणाऱ्या कर्मचाऱ्यांचेही आभार.

सर्वांत मोठे ऋण मात्र शेतकऱ्यांचे आहे. १८८५च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे ज्वारी-बाजरीच्या रानांत ऊस कसा आला, हे दप्तरात सापडते; परंतु पाणी आल्यावर कोणती राने खारवली आणि कोणती विहीर कालव्याआधीची, हे त्यांनीच बांधाबांधाने फिरवून दाखवले. उजनीच्या जलाशयात ज्यांची भीमाकाठची काळी जमीन गेली, त्या वृद्ध स्त्रियांनी पाण्याखालच्या शेतांची नावे क्रमाने सांगितली. मी पाहिलेल्या एकाही नकाशात ती नाहीत, म्हणून प्रबंधाच्या परिशिष्टात त्यांच्याच उच्चारांप्रमाणे नोंदवली आहेत.